घटस्थापना ते गॅदरिंग: घरचा कपडेपट

पितृपक्षात कापडबाजार जरा सुस्तावलेला असतो. पुष्कळ घरांत या पंधरवड्यात नवा कपडा आणत नाहीत, त्यामुळे दुकानदाराला बोलायला वेळ असतो आणि शिंप्याला शिवायला. घट बसले की चित्र पालटतं. ‘दिवाळीच्या ऑर्डरी बंद’ अशा पाट्या लागतात, साध्या ब्लाउजची शिलाईही वाढते आणि मुलांच्या घागऱ्याला ‘अर्जंट’चे पैसे वेगळे मोजावे लागतात. म्हणून हातचं राखून खर्च करणाऱ्याने कामाला लागायचं ते पितृपक्षातच. घरातल्या वडीलधाऱ्यांना या दिवसांत खरेदी चालत नसेल तर करू नये, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. कपाट उपसायला, उसवायला, जुना कुर्ता अंगासरशी करून घ्यायला कुणाचीच हरकत नसते, आणि खरं काम तेच आहे.

या मोसमात प्रसंग एकामागून एक येतात. नवरात्र, दसरा, कोजागरी, दिवाळी, 14 नोव्हेंबरचा बालदिन, डिसेंबरातलं शाळेचं गॅदरिंग, मग 3 जानेवारीला सावित्रीबाईंची आणि 12 जानेवारीला जिजाऊंची जयंती. प्रत्येकाला वेगळा कपडा घ्यायचा ठरवलं तर दिवाळीचा बोनस कोजागरीलाच संपेल. म्हणून हे चार महिने एकाच हिशेबात धरा. दुकानात काहीही हातात घेतलं की एवढंच विचारा, याचा दुसरा उपयोग काय? गरब्याची ओढणी फेटा होईल का, दसऱ्याचा झब्बा बालदिनाला चालेल का, गॅदरिंगचा शर्ट नंतर रोज घालता येईल का? उत्तर सुचलं नाही तर वस्तू कितीही स्वस्त असो, ती महागच आहे.

कपाट उपसताना ‘ठेवायचे’ आणि ‘द्यायचे’ असे दोनच ढीग करण्याची सवय असते. तिसरा ढीग करा: कापड म्हणून ठेवायचे. बाही फाटली पण पाठ धड आहे असा कुर्ता, कॉलर विरलेला पण अंगाला चांगला असलेला पांढरा शर्ट, डाग पडलेली पण काठ झकास असलेली साडी, एकटी उरलेली ओढणी. दिवाळीच्या साफसफाईच्या सुमारास बोहारीण येते, आणि एका पातेल्यासाठी हाच ढीग आधी तिच्या गाठोड्यात जातो. तिला घासाघीस करू द्या, पण पुढच्या चार महिन्यांचं सामान बाजूला काढल्यावरच दार उघडा.

आता नवरात्रीचे रंग. नऊ दिवस नऊ रंगांची ही पद्धत पोथ्यापुराणांतून आलेली नाही. ती वर्तमानपत्रातून घरोघर, लोकलच्या डब्यांत आणि ऑफिसांत पोचली, त्याला वीसेक वर्षं झाली. पाळायची तर हौसेने पाळावी, कर्ज काढून नव्हे. आणि तिच्यात एक सोय आहे, जिकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. सात रंग वाराला बांधलेले असतात. रविवारी नारिंगी, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी गडद निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी. घट ज्या वारी बसतात तिथून मोजायला सुरुवात होते. 2023 मध्ये घट रविवारी बसले, पहिला रंग नारिंगी. 2024 मध्ये गुरुवारी, म्हणून पिवळा. 2025 मध्ये सोमवारी, म्हणून पांढरा. उरलेले दोन रंग गुलाबी, जांभळा आणि मोरपंखी यांतून फिरतात. म्हणजे यादी छापून येण्याची वाट पाहायचं कारण नाही. सात रंग वर्षानुवर्षं तेच आहेत, आणि ते एकदा जमवले की पुढच्या वर्षी प्रश्न फक्त दोनांचा.

जमवायचे म्हणजे नऊ साड्या घ्यायच्या नाहीत. पांढरा किंवा फिकट बदामी असे दोन बिनरंगी कुर्ते आणि त्यांवर रंगीत ओढण्या, एवढ्यात आठवडा निघतो. साडी नेसणाऱ्यांनी साडीचा रंग पाळण्याऐवजी ब्लाउजचा पाळावा. सुती ब्लाउजपीस साडीच्या किमतीच्या मानाने काहीच नाही, आणि बहुरंगी काठाच्या एकाच साडीवर तीन वेगळ्या रंगांचे ब्लाउज शोभतात. राखाडी मात्र विकत घेऊच नका. शनिवारी नवऱ्याचा किंवा भावाचा राखाडी शर्ट बाह्या दुमडून जीन्सवर घाला, वर ऑक्सिडाइज्डचा मोठा हार. त्या रंगाची साडी नंतर वर्षभर कपाटात पडून राहते, असा माझा तरी अनुभव आहे.

कापड कोणतं, हा प्रश्न रंगापेक्षा मोठा. आपला शरद म्हणजे ऑक्टोबर हीट. पाऊस ओसरलेला, दुपार भाजणारी, आणि गरब्याच्या मैदानात रात्रीही घामाच्या धारा. दुकानात झगमगणारे तयार घागरे बहुतेक पॉलिएस्टरचे असतात, आणि दुकानदार ‘कॉटन मिक्स’ म्हणाला तरी त्या मिक्समध्ये कॉटन किती, हे त्यालाही ठाऊक नसतं. घरी तपासणी सोपी आहे. कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि सिंकवर काडीने पेटवा. सूत कागदासारखं जळतं, तसाच वास येतो आणि राख बोटाने चुरगळते. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि मागे काळा कडक मणी ठेवतं. हाच वितळणारा मणी दिवाळीत पणतीपाशी किंवा फुलबाजीपाशी कातडीला चिकटतो. लहान मुलांना लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सुतीच घाला, अंगाबरोबर बसणारं, लोंबती ओढणी नको. इथे पैसे वाचवू नका, बाकी सगळीकडे वाचवा. 2 ऑक्टोबरच्या सुमारास खादीवर सूट जाहीर होते, तेव्हा मुलाचा झब्बा आणि स्वतःचा पांढरा कुर्ता दोन्ही त्यात बसवता येतात.

गरब्याच्या घागऱ्यासाठी घरच्या साडीइतकं चांगलं कापड नाही, आणि ती कापावीही लागत नाही. साडी साडेपाच मीटर लांब असते आणि पन्हा साधारण 45 इंच. कमरेपासून घोट्यापर्यंत बहुतेक बायकांचं माप 38 ते 40 इंच भरतं. खालचा काठ खालीच राहू द्या आणि वरचे पाच-सहा इंच आत दुमडा. दुमडीपासून दीड इंचावर आडवी टीप मारली की नेफा तयार, उरलेली दुमड आतून मोकळी लोंबू द्या, कुणाला दिसत नाही. मात्र ही टीप सबंध लांबीवर मारायची नाही. निऱ्यांकडच्या टोकापासून साडेतीन मीटरपर्यंतच मारा. आता ते टोक साडेतीन मीटरवरच्या खुणेला आणून उभी शिवण घाला. वरची सहा-सात इंच उघडी ठेवली की घालता काढता येतं. नाडी ओवा, चुण्या सारख्या करा. उरलेला दोन मीटर भाग कापायचा नाही. तो मागून फिरवून खांद्यावर घेतला की तीच ओढणी, पदरासकट. नाचताना पदर सुटू नये म्हणून खांद्याला आणि कमरेला पिना हव्यातच. फॉल उसवू नका, त्याच्या वजनानेच घागरा छान पडतो. घेर फुलायला आत जुना झालरीचा परकर घातला की पुरे.

शिवणयंत्राची टीप लांब ठेवा, म्हणजे दसऱ्यानंतर उसवताना त्रास नाही आणि साडी पुन्हा साडी होते. मात्र हे सुती, जॉर्जेट, शिफॉन यांनाच. रेशमावर सुईची भोकं कायमची राहतात.

लहान मुलीच्या घागऱ्याला साडीची उंची फार होते. तिथे कापू नका, काठाच्या वर दोन आडव्या टका घाला. टक ही शोभेची रेघ वाटते, आणि मुलगी वाढली की पुढच्या वर्षी एक सोडायची, त्याच्या पुढच्या वर्षी दुसरी. शिंप्याकडून शिवून घेत असाल तर ‘आत माया भरपूर ठेवा’ असं माप देतानाच सांगा. कापड वाचवायची सवय असल्याने ते न सांगता ठेवत नाहीत.

आजीच्या रेशमी साडीकडे कात्री नेण्याआधी थांबा. घडी उजेडासमोर धरून पाहा. घडीच्या रेषेवर उभ्या चिरा दिसत असतील तर ते रेशीम मेलं, ताण पडला की फाटणार. त्याचा घागरा किंवा ब्लाउज होणार नाही. काठ तेवढा सोडवून नव्या सुती कापडाला गोट म्हणून लावता येईल. रेशीम धड असेल आणि जर जुनी असेल तर तिच्यात चांदी असू शकते. अशा जुन्या जरीच्या साड्या वजनावर विकत घेणारे लोक दारावरही येतात. त्यांना देण्याआधी सराफाला दाखवा. पैठणी असेल तर पदर उलटा करून बघा. हातमागावरच्या पैठणीत मोर आणि वेली मागच्या बाजूनेही जवळजवळ तशाच दिसतात. मागे सुटे, आडवे, कापलेले धागे दिसले तर ती यंत्रमागाची. पहिली कापू नये, ती तशीच नेसावी. दुसरीचं हवं ते करा. सेमी पैठणीच्या पदराचं जाकीट इतकं सुरेख दिसतं की नवीन घेतलेलं खोटं वाटावं.

विकत घ्यायचंच ते कुठे? मुंबईत ताग्यातलं कापड क्रॉफर्ड मार्केटशेजारच्या मंगलदास मार्केटात, रविवारी ते बंद असतं. साड्यांसाठी दादरचं हिंदमाता. लेस, आरसे, गोंडे आणि खोटे दागिने भुलेश्वरात. लेसचा नऊ मीटरचा रोल सुट्या मीटरपेक्षा बराच स्वस्त पडतो. एका घागऱ्याच्या घेराला साडेतीन-चार मीटर लागते, तेव्हा शेजारणीला बरोबर घ्या आणि रोल अर्धा अर्धा करा. पुण्यात दागिन्यांना तुळशीबाग, बटणं आणि किरकोळ सामानाला रविवार पेठ, आणि नशिबावर भरवसा असेल तर बुधवार-रविवारचा जुना बाजार. कोल्हापूरकरांना गांधीनगर आणि नागपूरकरांना गांधीबाग सांगायला नको. कल्याण-डोंबिवलीच्या लोकांनी दादरपर्यंत धावण्याआधी उल्हासनगर बघावं. गोव्यात म्हापशाचा शुक्रवारचा बाजार चाळायला निवांत सकाळ हवी.

फॅशन स्ट्रीटवर किंवा वांद्र्याच्या हिल रोडवर ‘एक्स्पोर्ट सरप्लस’ म्हणून जे मिळतं, त्यात खरंच चांगला माल असतो आणि खराब मालही तिथेच येतो. कपडा दिव्याखालून बाहेर उजेडात आणा. आधी काखेची शिवण ओढून पाहा, मग चेन तीनदा वरखाली करा. दोन्ही बाह्या एकावर एक ठेवून लांबी जुळते का बघा, आणि रंग दोन्हीकडे एकच आहे का तेही. बटण नसणं हा दोष नाही, भाव पाडायचं निमित्त आहे. मोठ्या दुकानात बिल होत असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याच्या नगावर 5 टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वर गेला की 18 टक्के. 2500 च्या जरा अलीकडचा आणि जरा पलीकडचा, अशा दोन घागऱ्यांमधला खरा फरक लेबलावर दिसतो त्याहून मोठा असू शकतो.

आता वेशभूषा. शाळेतून आदल्या दिवशी निरोप येतो आणि आईबाप भाड्याच्या दुकानाकडे पळतात. तिथले पोशाख बहुधा एकाच मापाचे, कमरेला पिनांनी आवळलेले, आणि डिपॉझिट परत मिळेपर्यंत डाग पडेल की काय याची धास्ती. नाटक कंपन्यांचा असतो तसा घरचाही एक कपडेपट असावा. एका पिशवीत पांढरा झब्बा आणि पायजमा, काळा बिनचित्रांचा टी-शर्ट आणि काळी पँट, एक पंचा, एक भगवं उपरणं, एक लाल आणि एक हिरवी ओढणी, जुनी सुती साडी, वडिलांची जुनी टोपी. एवढ्यावर बहुतेक सगळी सोंगं निघतात. झब्ब्यावर जाकीट आणि कागदी गुलाब लावला की नेहरू, भगवं उपरणं, टाळ आणि कपाळी बुक्का लावला की वारकरी. काळ्या कपड्यांवर पुठ्ठ्याचे भाग बांधले की कावळा, मुंगी, रेल्वे इंजिन, काय हवं ते. पुठ्ठा किराणा दुकानातून फुकट मिळतो. थर्माकोल मात्र आणू नका, सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे आणि पुठ्ठ्यावर रंग बसतोही चांगला.

मुलींसाठी एक नऊवारी शिवून घ्यावी, हे मी आग्रहाने सांगते. काष्ट्याची, इलॅस्टिकची, जुन्या सहावारी सुती साडीतून. गॅदरिंगच्या कोळीनृत्याला तीच, सावित्रीबाई व्हायला तीच, जिजाऊ व्हायलाही तीच. बदलतं ते वरचं. सावित्रीबाईंसाठी साधा पदर डोक्यावरून, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात पाटी-पुस्तक, दागिने जवळजवळ नाहीतच. जिजाऊंसाठी खांद्यावर शेला, नथ, गळ्यात मोठ्या मण्यांची माळ. मुलीला चार वाक्यं बोलता आली तर या दोन वेशांत खरा फरक दिसतो, आणि ती वाक्यं कुठल्याच दुकानात भाड्याने मिळत नाहीत.

गाडगे महाराज हा सर्वांत स्वस्त वेश, आणि सर्वांत अवघडही. उपसलेल्या कपाटातल्या चिंध्या जोडून गोधडीसारखा अंगरखा करायचा, तो धावदोऱ्याने, मोठ्या टाक्यांनी. हातात खराटा आणि मातीचं गाडगं, डोक्यावर खापरीऐवजी पुठ्ठ्याची वाटी. एका कानात कवडी. दुसऱ्या कानात ते फुटक्या बांगडीची काच घालत, मुलाला प्लॅस्टिकच्या बांगडीचा तुकडा कडा घासून दोऱ्याने अडकवा. चिंध्या स्वच्छ धुतलेल्या असाव्यात. ज्यांनी आयुष्यभर गावं झाडली त्यांचं सोंग मळकं दाखवायचं नसतं. बहुतेक पालक इथेच चुकतात, चेहऱ्याला काळं फासतात.

वासुदेव करायचा तर पैसे आणि वेळ टोपीला द्या. जाड चार्टपेपरचा उंच शंकू, पायाला मुलाच्या डोक्याच्या घेराहून अर्धा इंच जास्त, आत जुन्या टोपीचं अस्तर शिवलेलं, म्हणजे नाचताना घसरत नाही. मोरपिसं खरी नसली तर निळ्या-हिरव्या कागदाची, कडेला कात्रीने झालर कापून. घोळदार अंगरखा म्हणजे वडिलांचा पांढरा कुर्ता, कमरेला लाल ओढणी बांधलेली. हातात चिपळ्या हव्यातच, नाहीतर प्रेक्षकांना तो जादूगार वाटतो.

फेट्यासाठी दुकानातून सात-आठ मीटरचं कापड आणू नका. मुलाच्या डोक्याला अडीच मीटरची सुती ओढणी पुरते. ती पिळून टोपीवर गुंडाळा, मागे तुरा सोडा आणि चार ठिकाणी टाके घालून कायमची करा. दर वेळी बांधत बसावं लागत नाही. मिशीला काजळ, दाढीलाही काजळाच्या बारीक रेघा. पुसायला खोबरेल तेल. रंगपंचमीचे उरलेले रंग चेहऱ्याला कधीही लावू नका, आणि डोळ्यांभोवती काहीच नको. मुखवट्यापेक्षा कपाळावर बांधायची पट्टी बरी, मुलाला समोरचं दिसतं आणि आवाजही बाहेर येतो.

अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या मराठी घरांत हीच तयारी 31 ऑक्टोबरच्या हॅलोविनला कामी येते, दिवाळीच्या आगेमागे. तिथे अडचण उलटी असते, उकाड्याऐवजी थंडी. पोशाख एक माप मोठा करा, म्हणजे आत स्वेटर मावेल. जाकीट वरून घातलं की वासुदेवही दिसत नाही आणि बॅटमॅनही. गुडविल किंवा साल्व्हेशन आर्मीच्या दुकानांत मोठ्यांचे लोकरी कोट आणि शर्ट थोडक्यात मिळतात. ते कापून मुलांचे झगे होतात, आणि उरलेल्या शरदासाठी मोठ्यांना अंगावरचा एक थर. संध्याकाळी रस्त्यावर फिरायचं असल्याने काळ्या पोशाखाला पाठीवर चमकणारी पट्टी शिवा.

शेवटी, समूहनृत्याची गोष्ट. ‘सगळ्यांनी पोपटी शर्ट आणि सोनेरी पँट आणावी’ असा निरोप आला की वीस घरांतून वीस जण वीस दुकानांत जातात, आणि वीस वेगवेगळे पोपटी घेऊन येतात. पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी एकाने पुढाकार घेऊन बाईंशी आधी बोलावं. मुलांकडे आहेतच असे पांढरे शर्ट आणि काळ्या पँटी धराव्यात आणि रंग फक्त कमरपट्टा, उपरणं आणि डोक्याच्या पट्टीत आणावा. त्यासाठी एका रंगाचा सुती तागा घाऊक बाजारातून एकत्र घ्यावा. तीन मीटर लांबीच्या आणि 44 इंच पन्ह्याच्या कापडातून सहा इंच रुंदीचे सात कमरपट्टे निघतात. कडा पिकोला द्याव्यात. पिकोवाल्याकडे नवरात्र आणि दिवाळीच्या मधल्या आठवड्यांत जाऊ नका, तेव्हा त्याच्याकडे साड्यांचे ढीग असतात. दिवाळी झाल्यावर, तुळशीचं लग्न होईस्तोवर तो मोकळा असतो.